आत्या, चहा स्ट्राँगच काहून?

आत्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाला माझ्या हातात माईक दिला आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. तू असतीस तर पहिल्या रांगेतून ओरडली असतीस, "बोल न वं, लोकं ताटकळून राहिले." समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि वंदना संपवून माझ्याकडे बघत बसलेला अख्खा मंडप. मी माईक शेजारच्या काकांकडे दिला आणि खाली बसले. लोकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटला. पण खरी गोष्ट अशी की मला तुझ्याबद्दल बोलायचं नव्हतं. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि ते माईकवरून कसं करणार?

जेवताना जो तो मला तेच सांगत होता. "सुटल्या बाई. आता तूही मोकळी झाली बेबी. दे आता तुझी ती इंग्रजीची परीक्षा अन् जा फॉरेनले." मोकळी म्हणे! हातातलं ताट तिथेच आपटावंसं वाटलं. दार सताड उघडं आहे आणि माझे पाय उंबऱ्यावर खिळलेत, ह्याला मोकळं म्हणतात काय? तुझं अंथरुणावरचं सगळं करत होते तेव्हासुद्धा मी एवढी अडकलेली नव्हते. तेव्हा निदान विचारणाऱ्याला कारण सांगायला तू होतीस.

इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलातली नर्सची जागा अजून माझ्यासाठी ठेवलेली आहे. या वर्षाअखेरपर्यंत परीक्षेत हवा तेवढा बँड, म्हणजे गुणांचा टप्पा, मिळाला नाही, तर ती दुसऱ्या कोणाला जाईल. बोलणं, ऐकणं, वाचणं, सगळं माझं निघतं. लिहिण्यात दर वेळी अर्धा बँड कमी पडतो. हे तुला माहीत आहे, तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तरी परत सांगते, कारण ह्या अर्ध्या बँडपायीच आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

ड्यूटी संपवून मी लकडगंजच्या क्लासला जायची. खाली लाकडाची वखार, वर आमचा वर्ग. करवत सुरू झाली की सर खिडक्या लावून घ्यायचे आणि मग आम्ही सगळे घामाने निथळायचो. माझा निबंध वाचून सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या निबंधात चूक नाही. पण वाचताना अडखळायला होतं. तुम्ही शब्द एकेकटे पाठ केलेत. कोणता शब्द कोणासोबत राहतो ते पाहा. जोडीनेच पाठ करा." कोलोकेशन म्हणतात त्याला. घरी येऊन तुला सांगितलं तर तू पायावर पाय टाकून बसलीस. "म्हंजे माझाच धंदा. जोडपी लावायची."

तो तुझा धंदा नव्हता, पण नाद होता. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर आपल्या समाजाच्या प्रत्येक वधू-वर परिचय मेळाव्यात माईकवर तूच. पोरगा लाजला तर त्याला बोलतं करायचीस, पोरीच्या बापाने जास्तच बढाई मारली तर त्याला खाली बसवायचीस. आणि एक तुझा नियम होता. "नाव सांगा, शिक्षण सांगा, नोकरी सांगा. पोटजात विचारली तर माईक बंद." एकदा खरंच बंद केलास. कार्यकर्ते विनवण्या करत होते आणि तू माईक मांडीवर घेऊन बसून होतीस.

तर रोज संध्याकाळी मी माझी जोडपी घोकायची आणि तू समोर सुपात मिरच्यांची देठं काढत बसायचीस. मिस्टेक मेक करायची, होमवर्क डू करायचा. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. तुला हे पटेचना.

"चहाले काय म्हणतात?"

"स्ट्राँग टी."

"अन् पावरफुल टी म्हटलं तं?"

"नाही चालत."

"काहून? पावर तं दोन्हीत आहे."

"तिकडे तसं म्हणत नाहीत, आत्या."

"अन् कारण?"

"कारण नसतं गं. ज्यांची भाषा आहे ते तसंच म्हणतात, बस."

तुझा हात थांबला. "हे वाक्य मी आयकलं आहे," तू म्हणालीस. "तसंच असते, बस. आपल्यात तसं करत नाहीत, बस. लय वेळा आयकलं आहे."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा तू मला कुही गावच्या एका मास्तरांबद्दल सांगितलंस. आजोबांनी आणि मास्तरांच्या वडिलांनी एकाच मैदानावर, एकाच दिवशी धम्माची दीक्षा घेतली होती. दोन घरांत जाणंयेणं होतं. तुम्हा दोघांचं जमलं. आणि लग्नाची बोलणी निघाली तेव्हा त्याच दोघा म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, की पोटजात वेगळी, आपल्यात तसं होत नाही. तू विचारलंस, काहून होत नाही? आजोबा म्हणाले, होत नाही, बस. मास्तरांचं लग्न दुसरीकडे झालं आणि तू केलंच नाहीस. "देव टाकले, पोथ्या टाकल्या," तू म्हणालीस, "अन् हे तेवढं पिशवीत घालून संगं आणलं." मग परत मिरच्यांना लागलीस. मी जोडपी घोकायला लागले, पण मोठ्याने नाही.

पण मीही तुझीच भाची. चार दिवसांनी मी तुला गाठलं. "सुपातल्या मिरच्या कशा आहेत?"

"लालभडक."

"लाल कुट्ट काहून नाही?"

"कुट्ट काळं असते."

"आणि पिवळं?"

"पिवळंधम्मक."

"हिरवं धम्मक काहून नाही? कारण सांग. हिरवं गारच का? हिरव्याला थंडी वाजते का?"

तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आई तिकडे ओट्यापाशी पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तू म्हणालीस, "थे आपलं आहे." मी म्हटलं, "आणि ते त्यांचं आहे." तू म्हणालीस, "आपलं मी पाहतो. त्यांचं तू तपास. कारण सापडल्याशिवाय पाठ करू नको." अशाने परीक्षा पास होतात का, आत्या? वरून तू मुद्दाम घरात आरोळी ठोकायचीस, "बेबी, पावरफुल चहा टाक!" पाहुण्यांसमोरसुद्धा. ते डोक्यात इतकं बसलं की पुढच्या परीक्षेत मी निबंधात चहाच्या मळ्यांबद्दल लिहिताना 'पावरफुल टी' लिहून बसले. खोडलं, परत लिहिलं, शेवटचा परिच्छेद राहून गेला. निकाल आला, अर्धा बँड कमी. सरांना सांगितलं तर ते डोकं धरून बसले. तू मात्र खूश. "पाह्य, परीक्षेतबी लागलं न पोरीचं घरी लक्ष."

तुझी दुसरी खोड सगळ्या कॉलनीला माहीत होती. आपल्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि निरोप देणारा म्हणतो, "ये." तू जन्मात कधी म्हटलं नाहीस. दारात उभी राहून सरळ "जा" म्हणायचीस. पाहुणा असो, मी असो, बाळंतीण सासरी निघालेली असो. लोक दचकायचे. आई तर गयावया करायची, "बाई, 'ये' म्हणा जी. असं तोडून बोलू नये." तू म्हणायचीस, "जा म्हटल्यानं माणूस मरते काय? ज्याले जायचं आहे त्याले जा म्हणा न मोकळ्या मनानं." मला ते लहानपणी फार लागायचं. शाळेत निघाले की आई म्हणायची लवकर ये, आणि मागून तुझं जा. मोठी झाल्यावर त्याची सवय झाली.

त्या दिवशीही तेच. परीक्षेचा दिवस, सकाळची वेळ. मी म्हटलं, "येते." आई म्हणाली, "लवकर ये वं." तू पलंगावर बसून चष्मा पुसत होतीस. वर न बघता म्हणालीस, "जा."

तुझा शेवटचा धडधाकट शब्द.

बस आपल्या कॉलनीजवळच्या पॉवर स्टेशनच्या फाटकापाशी कोळशाच्या ट्रकांमागे अडकली, नेहमीसारखी. मी मनात जोडपी म्हणत होते. तेवढ्यात आईचा फोन. बाई पडल्या, तोंड वाकडं झालं, बोलत नाहीत. मी बसमधून उतरले आणि ट्रकांच्या रांगेच्या उलट्या बाजूने पळत सुटले. राखेने सगळं पांढरं झालं होतं, माझे कपडे, माझे हात. नर्स आहे ना मी, मला पळतानाच कळलं होतं काय झालं असणार ते.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आई तुझ्या उशाशी बसून रडत होती आणि म्हणत होती, "जा जा करत होत्या तुम्ही. पाहा काय झालं." मला आईचा राग आला. तू शुद्धीवर असतीस तर तुलाही आला असता. पण तुझ्या तोंडून नुसता घरघर आवाज निघत होता. जी बाई माईक बंद करायची, तिचाच माईक बंद झाला. मला ते बघवत नव्हतं, आत्या. रोज लकव्याचे पेशंट पाहते मी. तुझ्याकडे बघवत नव्हतं.

मग वाचा-उपचारवाल्या मॅडमनी एक युक्ती सांगितली. असल्या पेशंटला स्वतःहून शब्द काढता येत नाही, पण जिभेला जे जोडीने म्हणायची सवय आहे ते कधी कधी निघतं. अर्धं तुम्ही म्हणा, अर्धं त्यांना म्हणू द्या. आपण वर्षभर दुसरं करत काय होतो?

घरी आणल्यावर मी तुझ्यासमोर मिरच्या निवडायचं तेच सूप ठेवलं. मिरची हातात धरली आणि म्हटलं, "लाल..." तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. ओठ हलले, काही आलं नाही. असे कित्येक दिवस गेले. एका संध्याकाळी मी म्हटलं, "लाल..." आणि तू म्हणालीस, "भडक." आईच्या हातातलं भांडं पडलं. मी घाईघाईने म्हटलं, "काळं..." "कुट्ट." "पिवळं..." "धम्मक." तुझ्या डोळ्यांतून पाणी, माझ्याही. तुला मिरची म्हणता येत नव्हतं, बेबी म्हणता येत नव्हतं, तहान लागली तर पाणी म्हणता येत नव्हतं. पण मी 'चहा' म्हटलं की तू 'पाणी' म्हणायचीस. मी 'पोरं' म्हटलं की 'बाळं'. मीठ म्हटलं की मिरची. तुझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, जोडपी.

मला एवढा आनंद झाला की मी भांडण जिंकल्याच्या तोऱ्यात तुला म्हटलं, "सापडलं कारण, आत्या! हे कोणी ठरवून दिलेलं नाही. कोणी मना केलेलं नाही. रोज रोज संगं राहून जिभेला लागलेली सवय आहे ही. सगळं गेलं तरी ती जात नाही. म्हणून चहा स्ट्राँगच." तू माझ्याकडे पाहिलंस. तोंड वाकडं करून, जोर लावून, घाम फुटेस्तोवर काहीतरी म्हणायचा प्रयत्न केलास. "का... का..." आणि मग निघालं एकदाचं, "काहून?"

अव माय! कोणाच्या जोडीशिवाय निघालेला तुझा पहिला शब्द. मी इतकी हसले की पोट दुखलं. तूही हसलीस, अर्ध्या तोंडाने. त्यानंतर दिवसभर तेच. गोळी दिली की काहून. कूस बदलली की काहून. एवढं मोठं कारण मी शोधून आणलं आणि तुला पटलंच नाही. मग मला म्हणायचं तरी काय होतं तुला? सवय वेगळी आणि जाच वेगळा, असं? पण आजोबांनाही ती सवयच वाटली असेल ना. हे मला आत्ता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा सुचलं असतं तर तुझ्यासमोर बोलून टाकलं असतं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी माईकवर बोलू शकले नाही.

तू जायच्या आठवडाभर आधी त्या इंग्लंडच्या हॉस्पिटलचा निरोप आला, की वर्षाअखेरनंतर थांबता येणार नाही. मी तुझ्याजवळ येऊन बसले. तुझा डावा हात हातात घेतला. आई बाहेर कपड्यांवरची राख झटकत होती. मी विचारलं, "आत्या, परीक्षा देऊ? पास झाले तर जाऊ?" तू नुसती बघत होतीस. तुला अर्धं द्यावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "आत्या, जाऊन..."

आणि तू म्हणालीस, "ये."

स्पष्ट. गोड. जन्मात कधी म्हटलं नव्हतंस ते. मी परत म्हटलं, "जाऊन..." परत तेच, "ये." मग तुझे डोळे मिटले. झोपलीस.

दुसरा झटका आला तेव्हा मी ड्यूटीवर होते.

आता मला सांग, आत्या, ते कोण बोललं? तू, की तुझी जीभ? सगळी दुनिया ते म्हणते, कॉलनीभर दारादारात तुझ्या कानांनी ते आयुष्यभर ऐकलं, तेच जोडपं अर्धं मिळाल्यावर आपोआप पूर्ण झालं असेल. लालच्या पुढे भडक, तसं जाऊनच्या पुढे ये. नाहीतर मग तू खरंच म्हणालीस. जन्मभर 'जा' म्हणत आलेली बाई शेवटी म्हणाली, की पोरी, परत ये. सोडून जाऊ नको. मी नर्स आहे, मला पहिलं कळतं. मी तुझी भाची आहे, मला दुसरं खरं वाटतं. धड असताना 'जा' म्हणालीस, पडल्यावर 'ये' म्हणालीस. ह्या दोन शब्दांच्या मधोमध मला ठेवून तू निघून गेलीस, आणि लोक म्हणतात मी मोकळी झाले! तुझ्या पलंगापाशी उभी राहून मी कितीदा तरी विचारलं, कोणतं खरं? इतकी बडबडी बाई तू, आणि आता गप्प.

आणि आई. आईचं कोणी बोलतच नाही. बाबा तर केव्हाच गेले. मी गेले तर ह्या घरात आई एकटी, आणि तुझा रिकामा पलंग. तिने एकदाही म्हटलं नाही की जाऊ नको. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते.

काल परीक्षा होती. देणार की नाही, हे सकाळपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. आंघोळ केली, पासपोर्ट पर्समध्ये टाकला, दोनदा बाहेर काढला. आई डबा घेऊन दारात आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "लवकर ये वं."

मी चपला घातल्या आणि म्हटलं, "जाते, आई."

आई दचकली. "येते म्हण."

"नाही. जाते."

माझा आवाज चढला होता, कशाला ते मलाही कळेना. आईने माझ्याकडे पाहिलं. मग वळून तुझ्या पलंगाकडे पाहिलं. त्यावरची चादर तिने अजून काढलेली नाही, रोज झटकून परत तीच घालते. मला वाटलं आता रडते. माझ्या बापाला, मला, तुझ्या मेळाव्यासाठी घरी येणाऱ्या प्रत्येकाला जिने आयुष्यभर 'ये' म्हटलं, ती माझी आई डबा माझ्या हातात देऊन म्हणाली,

"जा मंग."

तुझ्यासारखंच. तोडून. आणि दार लावून घेतलं, म्हणजे मला परत आत जाता येऊ नये. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मी कडीला हात लावला आणि काढून घेतला.

बस स्टॉपवर मी एवढी रडले की शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. बस आली. फाटकापाशी कोळशाच्या ट्रकांमागे अडकली, अगदी त्याच जागी. खिडकीतून राख आत येत होती. फोन माझ्या मुठीत होता आणि मला दर क्षणाला वाटत होतं, आता वाजतो, आता आई फोन करते. बाहेर ट्रकांच्या रांगेच्या कडेने घराकडे जाणारी मोकळी वाट दिसत होती. कंडक्टर म्हणाला, "वेळ लागन मॅडम, उतरून पायी जाता का?"

मी उतरले नाही, आत्या.